जागरणाची तारीख

दिपालीला खोटं बोलता येत नव्हतं, असं नाही. चार वर्षं सासरी नांदलेल्या कुठल्या बाईला ते येत नाही? माहेरचा फोन आला की "समदं ब्येस हाय" म्हणायचं, भाजी खारट झाली की "मीठच औंदा खारट आलंय" म्हणायचं, एवढं तर हळद उतरायच्या आतच अंगवळणी पडतं. पण ज्या खोट्यात ती अडकली, ते तिनं तोंडानं बोललंच नव्हतं. ती नुसती गप्प बसली होती. गप्प बसणं बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ती लासूर स्टेशनची. बाप तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. दहावी झाली, दोन वर्षं घरी बसली आणि लग्न होऊन वाळूजजवळच्या रांजणगावात आली. नवरा हनुमान गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर, कंपनीच्या बसनं शिफ्टला जाणारा. घराणं मूळचं पिशोरकडचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं मेंढपाळ. सासरा सूर्यभान गावाकडचा कळप विकून शहराच्या कडेला आला, तरी पाच-सात मेंढरं त्याच्या हातून सुटली नाहीत. रिकाम्या प्लॉटांवर ती चरायची. प्लॉटवाला ओरडत आला की सूर्यभान हात जोडून म्हणायचा, "सायेब, फुकटात गवत काढून देऊन ऱ्हायलो, आन् वरून बोलता?"

राहता राहिली सासू, सुगंधाबाई. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर फार सोपं झालं असतं. सुनेला डोकं दुखलं तर कपाळाला सुंठ उगाळून लावणारी, पण देवाच्या बाबतीत इंचभरही न हलणारी. कुलदैवत खंडोबा. देव्हाऱ्यातल्या त्याच्या टाकांना शिवायचं तर न्हाऊन, आणि बाईमाणूस अडचणीत असेल तर तिनं मागच्या दारी पत्र्याखाली बसायचं. दोन खोल्यांच्या घरात ते विटाळ पाळणं काही सोपं नव्हतं. पण सुगंधाबाईनं ते पाळलं, सुनेकडूनही पाळून घेतलं. त्यामुळे दिपालीची पाळी कधी आली, कधी गेली, हे सासूला पोरीपेक्षा जास्त पाठ होतं.

तीन वर्षांत मूल नाही म्हटल्यावर सुगंधाबाईनं जागरणाचा नवस बोलला. गेल्या साली पिशोरला तारीख धरली, पाव्हणे गोळा झाले आणि ऐन दिवशी सकाळी दिपालीला पाळी आली. वाघ्या-मुरळी दारातून परत गेले. सुगंधाबाईची थोरली जाऊ द्वारकाबाई भर अंगणात म्हणाली, "देवालाच हिची वटी भरायची नाय, तर मानसं काय करतील?" ते वाक्य दिपालीनं वर्षभर उशाला घेतलं.

म्हणून औंदा माघात तारीख धरताना सासूनं सुनेच्या पाळीआधी चार दिवस मोकळे ठेवून हिशेब केला. हिशेब चोख होता. फक्त दिपालीच्या शरीरानं तो ऐकला नाही. जागरणाच्या दिवशी पहाटे, पिशोरच्या न्हाणीघरात, तिला कळलं की पाळी चार दिवस आधीच आली आहे. बाहेर ज्वारीच्या ताटांचा मांडव उभा राहिलेला, चुलीवर पुरणाचं पातेलं चढलेलं, आणि द्वारकाबाईचा आवाज साऱ्या घरात घुमत होता. दिपाली न्हाणीघरात कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मग तिनं अंगावर पाणी घेतलं, बॅगेतल्या कपड्यांखाली लपवलेलं पॅड काढलं आणि नवी साडी नेसून बाहेर आली.

दिवसभर ती हनुमानच्या शेजारी पाटावर बसली. टाकांना भंडारा वाहिला, तळी उचलली, वाघ्यानं दिलेला प्रसाद ओटीत घेतला. हनुमाननं लंगर, देवापुढची लोखंडी साखळी, हिसक्यानं तोडला तेव्हा सगळे "येळकोट येळकोट" ओरडले. आता आकाशातून काहीतरी पडणार असं दिपालीला वाटत होतं. काही पडलं नाही. रांजणगावला परतल्यावर ती दोन दिवस चोरून कपडे धूत राहिली आणि पाळी संपली. सुटलो, असं तिला वाटलं.

सुटका कसली! जागरणानंतर चार दिवसांनी सासूच्या हिशेबाची तारीख आली. सुगंधाबाई पत्र्याखाली बघे आणि सून स्वयंपाकघरात. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. दिपालीनं खोटंच बाजूला बसायचं ठरवलंही होतं. पण त्या सकाळी सासू तिच्यापुढं ताट घेऊन आली. ताटात तूप लावलेली गरम भाकरी, आणि सुगंधाबाईच्या डोळ्यांना धारा.

"खंडोबारायानं ऐकलं गं माय," ती म्हणाली. "जागरनाच्या राती वटीत घातलं त्यानं तुज्या."

अशा वेळी कुठली बाई म्हणेल, "नाही हो आत्याबाई, मी तर त्या दिवशी अडचणीत होते"? दिपालीनं भाकरी खाल्ली. मनाशी म्हणाली, पुढच्या महिन्यात पाळी आली की गळून गेलं म्हणतील, दोन दिवस रडतील आणि विषय मिटेल. मनाशी एवढं म्हणायलाही तिला लाज वाटली.

पण पुढच्या महिन्यात पाळी आलीच नाही.

होळीच्या सुमारास हनुमाननं औषधाच्या दुकानातून तपासायची पट्टी आणली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही, त्यांच्या लेखी दिवस कधीचेच गेले होते. एकटी दिपाली मोरीत उभी राहून ती पट्टी उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होती. खोटं खरं झालं होतं. तिला वाटलं, देवानं माफ केलं. आता नऊ महिने झाल्यावर बाळंत व्हायला थोडा उशीर झाला, तर कोण मोजत बसतंय?

दवाखाना मोजतो, हे ती विसरली.

पहिल्या सोनोग्राफीला सासू बरोबर आली. मोठ्या रस्त्यावरचा दवाखाना, बाहेर ही गर्दी. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?" तर दिपालीनं तोंड उघडायच्या आत सुगंधाबाईनं पौषातली तारीख सांगून टाकली.

"तारीख पक्की आहे ना?"

"पक्की म्हंजे? देवाच्या कामासाठी मोजून ठिवलेली तारीख हाय ती, बाई."

"पाळी नियमित येते?"

"घड्याळावानी," सुगंधाबाई म्हणाली.

मॅडमनी यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघितलं, पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा बदललेला दिपालीला दिसला. हात पुसत त्या म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या तारखेप्रमाणं नऊ आठवडे झालेत. आत पिशवी आहे, पण बाळ दिसत नाही. ठोके नाहीत. वाढ थांबलेली दिसते. उद्या सकाळी या, गोळ्या देऊन मोकळं करू. घाबरू नका, असं पुष्कळांचं होतं."

बाहेर बाकावर सुगंधाबाई मटकन बसली. करुणा नावाच्या सिस्टर उद्याचं समजावून सांगायला आल्या. सुगंधाबाईनं त्यांचा हातच धरला. "माय, काऊन थांबलं गं? काय खायला कमी केलं का आमी?"

"खाण्यानं काही होत नाही, आजी," करुणा सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "सुरुवातीला नुसती पाण्याची पिशवी असते. पाचव्या आठवड्यात तिच्यात बारीक गोल कडं दिसतं, अंगठीसारखं. बाळाला नाळेतून मिळायला लागेपर्यंत त्याचा आधार असतो. सहाव्यात त्या कड्याला लागून तांदळाच्या कणीएवढं बाळ दिसतं, आणि त्या कणीतच काळीज हलायला लागतं. अजून हात नाहीत, पाय नाहीत, पण काळीज सुरू. सातव्या-आठव्यात हातापायाचे कोंब फुटतात. नवव्यात कोपर कळतं, बोटांच्या जागा कळतात. तुमच्या सुनबाईंच्या पिशवीत नुसतं ते कडंच आहे. नवव्याला पाचव्यासारखं दिसतंय, म्हणून मॅडम म्हणाल्या की थांबलं."

पाचव्यासारखं.

दिपालीनं मनातल्या मनात जागरणाच्या पहाटेपासून बोटांवर दिवस मोजले. पाच आठवडे झाले होते, सहावा लागलेला होता. काही थांबलेलं नव्हतं. जे ज्या वेळी दिसायला हवं तेच दिसत होतं. मागं पडलं होतं ते बाळ नव्हतं, पुढं गेला होता तो सासूचा हिशेब. आणि उद्या सकाळी सगळे मिळून एका धडधाकट जिवाला मोकळं करणार होते, तो वेळेवर वाढत होता म्हणून.

ती बोलणार, तोच सुगंधाबाईनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुजी काय चूक नाय, पोरी," ती रडत म्हणाली. "मनाला लावून घिऊ नको. तू समदं देवाचं नीट केलंस." शिवी दिली असती तर दिपाली बोलली असती. त्या मायेपुढं तिची जीभ टाळ्याला चिकटली.

घरी आल्यावर दुपारी, रात्रपाळी करून झोपलेल्या हनुमानला तिनं हलवून उठवलं. सासू मेंढरांकडं गेली होती. दार लोटून घेऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. पाळी कधी आली, तिनं काय लपवलं, सिस्टर काय म्हणाल्या, आणि बाळ आत जिवंत असणार हेही. हे ऐकून तो उठेल, गाडी काढेल, दवाखान्यात जाईल, असं तिच्या मनात होतं.

हनुमान भिंतीला टेकून बसला. तो आपल्या तळहातांकडं बघत होता.

"म्या ह्या हातानं लंगर तोडला," तो म्हणाला. "आन् तू तशी माज्या शेजारी बसली व्हती?"

"चुकलं माजं. पर आता त्ये लेकरू..."

"कसलं लेकरू? रिकामी पिशवी दावली त्यानं. विटाळात वटी भरून घेतली, तर रिकामी पिशवीच दील ना देव." तो रागावलेला नव्हता, घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला समजावणं रागावलेल्यापेक्षा अवघड. "गुमान उद्या मोकळं करून घे. आईला कळलं तर ती जित्ती ऱ्हायची नाय. लई झालं, दिपाली. आता तोंड उघडू नको."

ती उठून मागच्या दारी आली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तिला तर मधे पाय ठेवायला जागाही राहिली नव्हती. सासूला सांगावं तर विटाळ चव्हाट्यावर. न सांगावं तर बाळ गेलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो देवाच्या बाजूनं जाऊन बसला. माहेरी फोन लावून आईचा आवाज ऐकला आणि "समदं ब्येस हाय" म्हणून ठेवून दिला. तिला स्वतःचाच राग आला. पोटात कड्याएवढा जीव, त्याला हात नाहीत की आवाज नाही. त्याच्या वतीनं बोलायला जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस असं बुळं निघालं!

सकाळी तिघं रिक्षानं दवाखान्यात गेले. करुणा सिस्टरनी एका वाटीत गोळ्या आणि ग्लासभर पाणी आणून ठेवलं. मॅडम टेबलापलीकडं कुणाचे तरी रिपोर्ट चाळत होत्या. हनुमान दाराशी उभा. सुगंधाबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती. दिपालीनं गोळी उचलली. तोंडाजवळ नेली. मग वाटीत परत टाकली.

"मॅडम, तारीख चुकीची हाय."

"कुठली तारीख?"

"पाळीची. पौषातली शेवटची नव्हं. त्याच्यानंतर एकदा आलती. माघात. जागरनाच्या दिशी." पाठीवरचा हात थांबला, तरी दिपाली बोलत राहिली. आता थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला कळत होतं. "म्या लपवून ठिवली. तशीच पूजेला बसले. मंजी मला पाच आठवडे झालेत, नऊ नाय. सिस्टर म्हनल्या तसं पाचव्यात कडंच दिसतं. माजं लेकरू मागं पडलेलं नाय."

पाठीवरचा हात निघून गेला.

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, मग काल का नाही बोललात? काय खेळ आहे का हा?" त्यांनी स्वतःच वाटी उचलून पलीकडं ठेवली. कालचा रिपोर्ट पुन्हा काढून त्यावरचे आकडे बघितले. "असेल तर असेल. या मापाला पाच-साडेपाच आठवडे बसू शकतात. पण मी आज काहीच खात्रीनं सांगणार नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा बघू. वाढलेलं असलं तर दिसेलच."

म्हणजे अब्रू गेली ती गेलीच, आणि बाळाची हमी नाही ती नाहीच. घरी आल्या आल्या सुगंधाबाईनं गोमूत्र शिंपडलं, टाक दुधानं धुतले, आणि सुनेकडं न बघता मागच्या दाराकडं बोट दाखवलं.

"जे चार दिस चोरलेस, त्ये आता भर."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. पाळी नाही, काही नाही, पोटुशी बाई पत्र्याखाली गोणपाटावर बसली. जेवणाचं ताट उंबऱ्यावर सरकवलं जायचं. चार दिवस झाल्यावर तिला आत घेतलं, पण बोलणं बंदच. हनुमान कामावरून येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचा. सूर्यभान तेवढा मेंढरांशी बोलल्यासारखं करून मोठ्यानं म्हणायचा, "ऊन लई हाय, पानी पीत जावा गं बायांनो." त्या घरात तेवढंच काय ते तिला उद्देशून होतं.

पत्र्याखालून दिसायची ती पलीकडची भिंत आणि तिच्यावरची तार. दिपाली त्या भिंतीकडं बघत आतल्याचा विचार करायची. आज कणी दिसायला लागली असेल. आज त्या कणीत काहीतरी हललं असेल. कणीला बाप कळत नाही, देव कळत नाही, विटाळही कळत नाही. ती आपली आपल्या वेळापत्रकानं चाललेली. मग एकदम वाटायचं, आणि नसेलच हललं तर? हनुमान म्हणतो तसंच असलं तर? हे आलं की तिला घाम फुटायचा, आणि उठून जायला कुठं जागाही नव्हती. पाडव्याला सासूनं गुढी एकटीनं उभारली. सुनेला हाक मारली नाही.

दुसऱ्या सोनोग्राफीच्या दिवशी दिपाली एकटीच निघाली. हनुमान पहिल्या पाळीला गेला होता. ती रिक्षाजवळ आली, तर आत सुगंधाबाई आधीच पदर आवळून बसलेली.

मॅडमनी यंत्र ठेवलं. या खेपेला त्यांनी फार शोधलं नाही. पडदा थोडा वळवून त्या म्हणाल्या, "बघा."

करड्या अंधारात काळी पिशवी, पिशवीत एक पांढुरकी कणी, आणि त्या कणीच्या मधोमध काहीतरी भरभर लुकलुकत होतं. दिपाली हुंदका आवरू शकली नाही.

सुगंधाबाई पुढं वाकली. "त्ये काय लवतंय?"

"काळीज, आजी," करुणा सिस्टर म्हणाल्या. "सात आठवड्यांचं आहे. अगदी वेळेवर."

सुगंधाबाईनं पदर तोंडात धरला. मशीन बंद झाल्यावरही ती त्या काळ्या काचेकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर बाकावर बसून तिनं आधी पोटभर रडून घेतलं, मग पिशवीतून फोन काढला आणि पिशोरला द्वारकाबाईला लावला.

"हालू, बाई! आवो, लेकरू हाय! ठोकं बगून आले ह्या डोळ्यानं. डॉक्टरीन म्हनली व्हती पिशवी रिकामी हाय. माजा मल्हारी म्हनला, थांब. जागरनाच्या राती दिलेलं हाय, असं कसं जाईल?" मग आवाज थोडा खाली आला. "दिस मातुर जास्तीचे लागतील म्हनं. हां, दहावा बी लागंल. देवाचं लेकरू, सावकाशीनं यील. तुमी मोजत बसू नका."

दिपाली ऐकत होती. भर दवाखान्यात उघड सांगितलेलं खरं सासूनं असं अलगद गिळलं होतं, जसं काही ते कुणी बोललंच नव्हतं. आता पोर जन्मेल ते खंडोबाचं म्हणून, वाढेल ते खंडोबाचं म्हणून, आणि त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला ह्या दोघी बाया एकमेकींकडं बघतील आणि गप्प बसतील.

"घ्या, बोला तिच्यासंगं," म्हणत सुगंधाबाईनं फोन पुढं केला. द्वारकाबाईला खात्री करून घ्यायची होती. फोन देताना सुगंधाबाईनं तो तळहातानं झाकला आणि सुनेकडं पाहिलं. त्या डोळ्यांत धाक असेल अशी दिपालीची अपेक्षा होती. धाक नव्हता. गयावया होती.

"काय गं," पलीकडून द्वारकाबाई खेकसली, "खरंच जागरनाचं हाय का?"

दिपालीनं एक हात पोटावर ठेवला.

"व्हय, थोरल्या आत्याबाई. देवाचंच हाय."

हे मात्र तिला एका दमात बोलता आलं.